पाच वर्षं हप्ते भरूनही कर्ज हलत का नाही? पैसा, वेळ आणि धीराचा हिशेब

वीस वर्षांचं कर्ज घेतलं, पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला आणि एके दिवशी सहज म्हणून शिल्लक मुद्दल पाहिलं, की भल्याभल्यांचा चेहरा पडतो. समजा कर्ज दहा लाखांचं आहे, व्याज वर्षाला ९ टक्के आणि एकूण हप्ते २४०. महिन्याचा हप्ता येतो साधारण ८,९९७. पाच वर्षांत ६० हप्ते, म्हणजे जवळजवळ ५ लाख ४० हजार भरून झाले. आणि मुद्दल कमी झालं किती? १ लाख १३ हजार. अजून ८ लाख ८७ हजार डोक्यावर आहेतच. बाकीचे सव्वाचार लाखांहून अधिक व्याजात गेले.

इथे माणूस बहुधा दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर आपल्याला फसवलंय, नाही तर हे काही आपल्या हयातीत फिटत नाही, मग कशाला जिवाचा आटापिटा करायचा. पहिला निष्कर्ष चुकीचा आहे, दुसरा महागात पडणारा.

पैशाच्या बाबतीत धीर धरा, हा सल्ला कोणीही देतं. फुकट असतो, त्यामुळे सढळ हाताने दिला जातो. पण धीर नेमका कुठे धरायचा, किती धरायचा आणि कुठे अजिबात धरायचा नाही, हे सांगायला कोणी थांबत नाही. माझं मत असं, की बहुतेकांचा धीर सुटतो तो स्वभाव उतावळा असतो म्हणून नव्हे. पडद्यामागचा हिशेब दिसत नाही, म्हणून सुटतो. तेव्हा आधी हिशेबच उघडून बघू.

हप्त्याच्या पोटात काय असतं

वर्षाला ९ टक्के म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. पहिल्या महिन्यात देणं पूर्ण दहा लाख आहे, त्याचं पाऊण टक्का व्याज ७,५००. हप्ता ८,९९७ चा. म्हणजे व्याज वळतं करून मुद्दलाच्या वाट्याला आले १,४९७. दुसऱ्या महिन्यात व्याज लागेल ते ९,९८,५०३ वर, म्हणजे ७,४८९. मुद्दलात जातील १,५०८. पहिल्या महिन्यापेक्षा फक्त ११ जास्त.

या ११ कडे नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. दर महिन्याला मुद्दल थोडं घटतं, म्हणून व्याज थोडं घटतं, म्हणून पुढच्या महिन्यात मुद्दलाला थोडं जास्त मिळतं. सुरुवातीला हे 'थोडं' इतकं किरकोळ असतं की वर्षानुवर्षं चित्र जागचं हललंय असं वाटतच नाही. या कर्जात पहिली बारा वर्षं हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचाच असतो. निम्मं मुद्दल फिटायला चौदा वर्षं लागतात. उरलेलं निम्मं मात्र सहा वर्षांत संपतं.

म्हणजे पाचव्या वर्षी निराश झालेल्या माणसाचं काहीही चुकलेलं नसतं. तो ठरल्या वेळेला ठरल्या जागी उभा असतो. फक्त रस्ता सरळ रेषेत जाणारा आहे असं त्याने गृहीत धरलेलं असतं, आणि तो तसा नसतो. कर्जासोबत परतफेडीचा तक्ता मिळतो. तो फायलीत लावून ठेवण्याऐवजी एकदा शेवटपर्यंत वाचला, तर पाचव्या वर्षीचा हा धक्का पहिल्याच दिवशी बसून जातो आणि पुढची वर्षं निवांत जातात.

जिथे घाई करावी अशी जागा

हाच तक्ता दुसरीही एक गोष्ट सांगतो. हप्त्यावर दर महिन्याला १,००० जास्तीचे भरले, तर हे कर्ज २० ऐवजी साडेपंधरा वर्षांत संपतं आणि व्याजाचे सुमारे तीन लाख वाचतात. कारण जास्तीचे १,००० अख्खे मुद्दलात जातात. पहिल्या महिन्यात मुद्दलाला १,४९७ मिळत होते, ते एकदम २,४९७ होतात.

वेळेचा फरक तर आणखी मोठा. हातात कुठून तरी ५०,००० एकरकमी आले आणि ते अगदी सुरुवातीला भरले, हप्ता तोच ठेवला, तर मागच्या टोकाचे साधारण ३० हप्ते गळून पडतात. तेच ५०,००० पंधरा वर्षांनी भरले तर गळतात जेमतेम आठ. त्यामुळे 'आत्ता काय घाई आहे, पुढे कधी तरी भरू' याला धीर म्हणू नये. ती चालढकल, आणि व्याज असताना चालढकलीचं भाडं पडतं. धीर कर्ज घेण्याआधी हवा. एकदा घेतल्यावर फेडताना जितकी घाई करता येईल तितकी बरी. अर्थात मुदतीआधी पैसे भरल्यावर काही दंड लागतो का, आणि भरलेली रक्कम खरोखर मुद्दलात वळती झाली का, हे दोन्ही बघून घ्यावं.

क्रेडिट कार्ड: गोड बोलणारी ओळ

कार्डाच्या स्टेटमेंटवर एकूण देय रकमेच्या जवळच आणखी एक आकडा असतो: किमान देय रक्कम. तो इतका लहान असतो की बघून हायसं वाटतं. एक लाखाची थकबाकी, महिन्याला ३ टक्के व्याज आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के असं धरू. पहिल्या महिन्यात व्याज धरून १,०३,००० झाले, त्याचे ५ टक्के म्हणजे ५,१५०. भरले. पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित घटली, म्हणून किमान रक्कमही किंचित घटली. तीही भरली. असं वर्षभर केलं, नवीन काहीही खरेदी केलं नाही, तरी वर्षाअखेरी ७७,००० बाकी. भरले किती? ५५,०००. म्हणजे ३२,००० नुसते व्याजाचे. थकबाकी मूळच्या दहा टक्क्यांवर यायला जवळपास नऊ वर्षं लागतात.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्यात जे ५,१५० भरलेत, तेच दर महिन्याला भरत राहा. स्टेटमेंटवरची किमान रक्कम कमी होत जाईल, तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. कर्ज ३० महिन्यांत संपतं. एक पैसाही वाढवून भरायचा नाही, फक्त घटवायचा नाही. मला वाटतं, कर्जफेडीतला हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा असावा. घटत जाणारी किमान रक्कम ही सवलत वाटते आणि प्रत्यक्षात तीच मुदत लांबवते.

चक्रवाढीचा अंदाज घ्यायला ७२ चा जुना ठोकताळा आहे. इटालियन गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ सालच्या ग्रंथातही तो सापडतो. ७२ ला वार्षिक दराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. ६ टक्क्यांनी वाढणारी बचत १२ वर्षांत दुप्पट. ३६ टक्क्यांचं न फेडलेलं कर्ज २ वर्षांत दुप्पट. बचतखात्यात पैसे ठेवून कार्डाची थकबाकी अंगावर बाळगणारे लोक असतात. 'पैसे आहेत' या भावनेची ते किती किंमत मोजतात, ते या दोन आकड्यांच्या फरकात दिसतं.

चक्रवाढ मनातल्या मनात नीट जोखता येत नाही, यात कोणाच्या हुशारीचा प्रश्न नाही. व्हिक्टर स्टँगो आणि जोनाथन झिनमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं, की घातांकी वाढीचा अंदाज कमी लावण्याकडे लोकांचा कल असतो, आणि ज्यांचा हा कल जास्त, ते कर्ज जास्त काढतात आणि बचत कमी करतात. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरने हा दोष बऱ्यापैकी भरून निघतो, पण तो उघडायची आठवण खरेदीच्या क्षणी होत नाही, ही खरी अडचण.

आत्ताची घाई आणि दहा वर्षांनंतरची घाई

रिचर्ड थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी १९८१ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्हाला आज १५ डॉलर मिळणार आहेत. ते आज न घेता थांबायचं असेल, तर किती मिळाले म्हणजे थांबाल? मध्यावरची उत्तरं अशी आली: महिनाभर थांबायचं तर २०, वर्षभर थांबायचं तर ५०, दहा वर्षं थांबायचं तर १००. याचं वार्षिक व्याजदरात रूपांतर केलं तर अनुक्रमे ३४५, १२० आणि १९ टक्के येतात.

म्हणजे तोच माणूस लांबच्या काळाबद्दल बराच समंजस असतो आणि जवळच्या महिन्याबद्दल कमालीचा अधीर. 'पुढच्या पगारापासून नक्की बचत' हे आपण बोलतो तेव्हा मनापासूनच बोलतो. तेव्हा पुढचा पगार लांब असतो ना. तो हातात पडला की तो 'आत्ता' होतो आणि भाव बदलतो. हप्त्यावरची खरेदी नेमकी याच फटीतून आत शिरते. वस्तू आज, पैसे लांबच्या महिन्यांत, आणि लांबचे महिने हलके वाटतात.

मग यावर तोडगा काय? मन घट्ट करा असं सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण मन नेमकं त्याच क्षणी सैल पडतं. आपण ज्या काळात समंजस असतो, म्हणजे लांबच्या, त्याबद्दलचा निर्णय आजच करून बांधून टाकायचा. थेलर आणि श्लोमो बेनार्टझी यांनी एका कंपनीत हेच करून पाहिलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. कर्मचाऱ्यांना आज बचत वाढवा असं म्हटलंच नाही. पुढे पगारवाढ होईल तेव्हा बचतीचा टक्का आपोआप वाढेल, एवढ्याला आज होकार द्या, इतकंच मागितलं. योजनेत आलेल्यांचं बचतीचं प्रमाण ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. हातात येणारा पगार कधी कमी झाला नाही, म्हणून कोणाला काही टोचलंही नाही. माणसं तीच राहिली, फक्त निर्णयाची वेळ बदलली.

घरच्या घरी याचं रूप साधं आहे. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी जास्तीचा हप्ता आणि बचत खात्यातून आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची. एखादं कर्ज संपलं की त्याचा हप्ता त्याच महिन्यापासून दुसऱ्या कर्जाकडे किंवा बचतीकडे वळवायचा. महिनाभर जरी तो मोकळा राहिला, तरी त्याला खर्चाचे पाय फुटतात.

धीर सगळ्यांना सारखाच परवडतो का

नाही परवडत. आणि हे सांगितल्याशिवाय धीरावरचं कुठलंही प्रवचन मला अप्रामाणिक वाटतं.

लहान मुलांसमोर एक मिठाई ठेवायची, थांबलास तर दोन देईन म्हणायचं, हा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. त्यावरून संयमी मुलं आयुष्यात पुढे जातात असा धडाही काढला जातो. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात छोटीशी भर घातली. मिठाईच्या आधी मुलांना चित्र काढायला 'थांब, चांगलं सामान आणते' असं सांगितलं. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिलं, अर्ध्यांना 'नाहीये गं' म्हणून परत पाठवलं. मग मिठाईची पाळी. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, न पाळला गेलेली तीन मिनिटं. मुलं २८ च होती, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण दिशा पटणारी आहे. उद्याचा भरवसा नसेल तर आज हाती आलेलं खाऊन टाकणं हा शहाणपणाही असतो. ज्याची मिळकत कधी येईल याचा नेम नाही, ज्याची साठवलेली पुंजी दर वेळी कोणत्या तरी संकटात गेली आहे, त्याला 'लांबचा विचार करा' हे शब्द पोकळ वाटले तर नवल नाही.

त्यात टंचाई डोकंही व्यापून टाकते. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या, त्याच शेतकऱ्यांच्या, एकदा तोडणीआधी हात तंग असताना आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी लक्षणीय घसरलेली दिसली. माणूस तोच, बुद्धी तीच, पण तिचा मोठा भाग पैशाच्या विवंचनेत गुंतलेला.

म्हणूनच कर्जात असतानाही थोडी गंगाजळी बाजूला ठेवावी, हा वरकरणी उलटा वाटणारा सल्ला मला पटतो. कागदावर तोटा दिसतो. ३६ टक्क्यांचं कर्ज असताना ३ टक्क्यांवर पैसे कशाला ठेवायचे? कारण अचानक आजारपण आलं, वाहन बंद पडलं, की ती गंगाजळी नसल्यास पुन्हा त्याच ३६ टक्क्यांच्या दारात जावं लागतं. आणि तेव्हा नुसतं कर्ज वाढत नाही, वर्षभराची मेहनत पाण्यात गेल्याची भावना येते आणि माणूस सगळंच सोडून देतो. एका महिन्याच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम आधी, बाकी सगळा जोर कर्जावर. कर्ज संपल्यावर ही रक्कम वाढवत न्यावी.

आधी कोणतं कर्ज?

दोन पंथ आहेत. ज्याचा व्याजदर सर्वांत जास्त ते आधी, हा पहिला. ज्याची शिल्लक सर्वांत कमी ते आधी, हा दुसरा. गणित निःसंशय पहिल्याच्या बाजूने आहे. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जमुक्तीच्या मार्गावर असलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा किती खाती पूर्ण बंद केली यावरून माणूस शेवटपर्यंत टिकेल का याचा अंदाज लागत होता, मग त्या खात्यांतली रक्कम लहान का असेना. एक खातं शून्यावर आलं की हुरूप येतो.

दर जवळपास सारखे असतील तर खुशाल लहान आधी संपवा. एक कर्ज ३६ टक्क्यांचं आणि बाकीची १० च्या आसपास असतील, तर मात्र हुरूप वगैरे राहू द्या.

बचतीतही तोच सपाट रस्ता

महिन्याला १,००० बाजूला, वार्षिक ८ टक्के, व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेलं असं धरू. दहा वर्षांनी होतात १ लाख ८३ हजार. त्यातले १ लाख २० हजार आपणच घातलेले. दहा वर्षांच्या धीराची कमाई ६३ हजार. बरेच जण इथे खातं मोडतात, 'यात काही राम नाही' म्हणून. वीस वर्षांनी होतात ५ लाख ८९ हजार. तीस वर्षांनी १४ लाख ९० हजार. शेवटच्या दशकात घातले पुन्हा तेच १ लाख २० हजार, वाढले मात्र नऊ लाख. कर्जाच्या तक्त्यासारखंच इथेही सुरुवातीला काही घडताना दिसत नाही आणि सगळी हालचाल मागच्या टोकाला असते. महागाई यातला बराचसा भाग खाते, हे खरं. त्यामुळे महागाईपेक्षा कमी दराने वाढणाऱ्या जागी तीस वर्षं पैसे ठेवण्याला धीर म्हणण्यात अर्थ नाही.

मधेच नवा डाव मांडणं

कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेताना नवा दर कमी दिसतो, हप्ताही कमी होतो, आणि मुदत गुपचूप पुन्हा वीस वर्षांची होते. आपल्या पहिल्या उदाहरणातलं कर्ज पाच वर्षांनी साडेआठ टक्क्यांवर दुसरीकडे नेलं, मुदत वीस वर्षं. हप्ता ८,९९७ वरून ७,६९८ वर येतो. छान वाटतं. पण जुनं कर्ज तसंच ठेवलं असतं तर अजून १६ लाख २० हजार भरावे लागले असते, नव्यात भरावे लागतात १८ लाख ४८ हजार. दर कमी होऊन सव्वादोन लाखांहून जास्त अधिक गेले, कारण माणूस तक्त्याच्या व्याजभरल्या सुरुवातीला परत जाऊन बसला. तोच कमी दर घेतला आणि हप्ता जुनाच चालू ठेवला, तर कर्ज उलट दहा महिने आधी संपतं.

बदलत्या व्याजदराच्या कर्जात हे न मागताही घडू शकतं. दर वाढला की हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. खात्यातून जाणारी रक्कम बदलत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. आपल्या दहा लाखांच्या कर्जाचा दर अगदी सुरुवातीलाच ९ चा १० टक्के झाला आणि हप्ता ८,९९७ च राहिला, तर २४० हप्त्यांचे ३१४ होतात. वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांचं. मुदत वीसच ठेवायची तर महिन्याला साधारण ६५३ जास्त भरावे लागले असते, आणि शेवटी पाच लाखांच्या आसपास वाचले असते. दर बदलल्याचं पत्र किंवा संदेश आला, की नवा दर वाचून बाजूला न ठेवता उरलेल्या हप्त्यांची संख्या तपासावी, आणि हप्ता वाढवून हवा असेल तर तो लेखी मागून घ्यावा.